व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट: भावंडांनी मिळून करायची आठवड्याची हिवाळी सहल

डिसेंबरात युरोपला जायचं ठरलं की घरातले सगळे थंडीबद्दल बोलू लागतात. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो, उजेडाचा कशानेच होत नाही. डिसेंबरच्या मध्यावर व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो. बुडापेस्टला तर चार वाजायच्या आतच. हातात जेमतेम सव्वाआठ तासांचा दिवस असतो, त्यातही ढग असले तर तीन वाजताच दिवे लागल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात फिरून आलेल्यांनी दिलेला ‘दिवसाला सहा ठिकाणं’ असा कार्यक्रम इथे चालत नाही. रोज सकाळी उघड्यावरची एक मोठी गोष्ट, दुपारी छपराखालची एक आणि अंधार पडल्यावर दिव्यांची एक, एवढंच धरा. पुढचा सगळा बेत या हिशोबावर बेतलेला आहे.

ही तीन शहरं निवडण्याचं कारण रेल्वे. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा साधारण एक तास, बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं. विमान नाही, रात्रीचा प्रवास नाही. प्राग यात घालायचा मोह सगळ्यांना होतो. पण व्हिएन्ना–प्राग चार तास आणि प्राग–बुडापेस्ट साडेसहा-सात तास, म्हणजे उजेडाचे जवळजवळ दोन दिवस डब्यात. आठ दिवसांच्या सहलीत प्राग घालू नका. दहा-अकरा दिवस असतील तरच विचार करा.

कधी जायचं

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते १८-२० डिसेंबर. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून भरलेले असतात आणि विमानाचे भाव अजून शिखरावर गेलेले नसतात. आपल्याकडची मंडळी शाळेच्या नाताळच्या सुट्टीचा हिशोब करून २४ तारखेला पोचतात, आणि तेच तीन दिवस सर्वात अडचणीचे. २४ च्या दुपारपासून दुकानं, बरीचशी खाण्याची हॉटेलं आणि संग्रहालयं बंद होऊ लागतात, २५ आणि २६ ला ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांत सार्वजनिक सुट्टी. बुडापेस्टमध्ये २४ च्या संध्याकाळी बस-ट्रामही खूप कमी होतात. व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरचा मोठा बाजार २६ ला उठतो. नाताळातच जायचं असेल तर २३ च्या रात्रीपर्यंत तीन दिवसांचा किराणा खोलीत हवा आणि ते दिवस चर्च, रस्ते, नदीकाठ यांच्यासाठी ठेवायला हवेत. जानेवारीचा दुसरा आठवडा स्वस्त आणि निवांत असतो, पण तेव्हा बाजार नसतात.

सोमवारी व्हिएन्नात उतरा. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या देशांतली माणसं बाजारांना लोटतात आणि टाउन हॉलसमोर पाय ठेवायला जागा राहत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळ व्हिएन्ना, त्यात गुरुवारी ब्रातिस्लाव्हा, शुक्रवारी बुडापेस्ट, पुढच्या सोमवारी परत. चार रात्री व्हिएन्ना, तीन रात्री बुडापेस्ट. या रात्रींच्या वाटणीचा संबंध व्हिसाशी आहे.

व्हिसा

ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया (ब्रातिस्लाव्हा) आणि हंगेरी हे तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज करायचा तो जिथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे, म्हणजे या बेतात ऑस्ट्रियाकडे. मुक्काम समसमान असेल तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकायचा आणि हॉटेलं मात्र दुसरीकडची जोडायची, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नकाराला हेच एक कारण पुरतं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण नियमाप्रमाणे ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. डिसेंबरच्या सहलीसाठी सप्टेंबरच्या शेवटाला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागद दिलेले बरे. दिवाळीच्या आसपास व्हिसा केंद्रांवर गर्दी असते. मोठ्यांसाठी फी ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. नसतील तर स्वतः जावं लागतं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. विमा किमान ३०,००० युरोंचा, त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला आणि पूर्ण प्रवासाचे दिवस झाकणारा. विम्यात एक दिवस कमी पडणं ही नेहमी होणारी चूक आहे: विमान रात्री दोनला सुटतं आणि विमा दुसऱ्या दिवसापासून घेतलेला असतो. दोन्ही टोकांना एकेक दिवस जास्तच घ्या.

भावंडं एकत्र जाताना इथे काही खास गोष्टी येतात. अर्ज दोन, फाइली दोन. एकाच फाइलीत एकमेकांचे कागद घालून काम भागत नाही. दोघांच्या अर्जांसोबतच्या पत्रांत प्रवासाचा तक्ता शब्दशः सारखा हवा आणि ‘माझी बहीण, अमुक पासपोर्ट क्रमांक, माझ्यासोबत प्रवास करणार आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बहिणीचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर नातं कागदावर दिसत नाही. दोघांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतील तर त्या पानाची प्रत जोडली की काम होतं, नसतील तर जन्मदाखले. ताई कमावती आहे आणि धाकटा शिकतोय, खर्च ताईचा, असं असेल तर तिचं प्रायोजकत्वाचं पत्र, तिची बँकेची विवरणपत्रं आणि आयकर विवरणपत्रं धाकट्याच्या फाइलीतही पुन्हा लावा. दोघंही कमावते असतील तर आपापला खर्च आपापल्या नावावर दाखवणं सोपं पडतं.

बँकेच्या विवरणपत्रात अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम दोन-तीन लाख आलेले दिसले की शंका घेतली जाते. पैसे कुठून आले याचा पुरावा नसेल तर आहे त्या शिलकीवर अर्ज करणं चांगलं. हॉटेलं मोफत रद्द करता येतील अशीच घ्या, पण प्रत्येक रात्रीची घ्या. मधली एक रात्र कोरी राहिली की फाइलीवर पुन्हा विचारणा होते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवणारी नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा रांगेत वेळ जातो. आखाती देश किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ही रांग थेट व्हिएन्नात लागते, पुढचं विमान चुकायची भीती नाही. फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर ती तिथे, दोन विमानांच्या मध्ये लागते. तसं तिकीट घेणार असाल तर मधे तीन तास तरी ठेवा.

तिकिटं आणि खोली

विमानाचं तिकीट जाताना व्हिएन्ना आणि येताना बुडापेस्ट असं घ्या. शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडावं लागतं. दोन्ही शहरांना आखाती कंपन्या आणि इस्तंबूलहून येणारी विमानं आहेत, त्यामुळे भाव सहसा ये-जा तिकिटाएवढाच पडतो, आणि मागे व्हिएन्नाला येण्याचे तीन तास वाचतात.

रेल्वेचं व्हिएन्ना–बुडापेस्ट तिकीट ऑस्ट्रियन रेल्वेच्या, म्हणजे ओबीबीच्या ॲपवर दोन महिने आधी काढलं तर ‘श्पारशीने’ नावाच्या सवलतीत मिळतं. ते त्याच गाडीपुरतं असतं आणि परत होत नाही. तिकिटात जागा येत नाही. आरक्षण वेगळं करावं लागतं, काही युरोंचं असतं, आणि डिसेंबरात ते कराच. जागेवरच्या छोट्या पडद्यावर कुठून कुठपर्यंत आरक्षित आहे ते दिसतं.

खोली शोधताना ‘ट्विन’ हा शब्द पाहा. ‘डबल’ म्हटलं की एकच पलंग मिळतो. ऑस्ट्रियात बऱ्याचदा त्या एका चौकटीत दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात, बहिणी-बहिणींना ते चालून जातं. भाऊ-बहीण असाल तर बुकिंगनंतर हॉटेलला दोन वेगळे पलंग हवेत असा निरोप पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय गृहीत धरू नका. व्हिएन्नात मुख्य स्टेशन किंवा ‘वीन मिट्टे’ स्टेशनच्या आसपास, बुडापेस्टमध्ये नदीच्या पूर्वेच्या, म्हणजे पेस्ट बाजूला देआक चौकाच्या आसपास राहा. खोली मेट्रोपासून पाच-सात मिनिटांच्या आत हवी. उणे दोनमध्ये रात्री दहाला वीस मिनिटं चालणं पहिल्या दिवशी मजेचं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्यावरूनच भांडण होतं.

कपडे

व्हिएन्नात डिसेंबरात तापमान साधारण उणे दोन ते अधिक पाच अंशांत खेळतं. आकडा फार भीतीदायक नाही, पण व्हिएन्ना वाऱ्याचं शहर आहे आणि वारा अंगातली ऊब ओढून नेतो. त्यामुळे सगळ्यात बाहेरचा थर वारा अडवणारा हवा.

अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, त्यावर मांडीपर्यंत येणारं जाकीट. थर्मलचे दोन जोड पुरतात, रात्री हीटरवर टाकले की सकाळी वाळतात. आत सुती बनियन घालू नका. मेट्रोत आणि दुकानात घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि बाहेर पडलं की तेच ओलं कापड पाठीला गार लागतं. नुसती जीन्सही थंड पडते, तिच्या आत थर्मल हवंच.

खरी चूक बुटांत होते. लोक भारतातून रोजचे स्पोर्ट्स शूज घालून येतात आणि आत तीन-तीन मोजे चढवतात. बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. अर्धा नंबर मोठा, पाणी न शिरणारा, तळाला खोल खाचा असलेला बूट घ्या आणि आत एकच जाड लोकरी मोजा घाला. बूट निघण्याआधी तीन आठवडे रोज वापरा. बर्फ पडला की फुटपाथवर बारीक खडी टाकतात, तिथे पाय घसरत नाही. घसरतो तो पुलांवर आणि दगडी पायऱ्यांवर, जिथे रात्रीचं पाणी गोठून काचेसारखं पारदर्शक होतं. तिथे खिशातून हात बाहेर काढून, पावलं छोटी टाकून चाला.

टोपी कान झाकणारी, हातमोजे फोन वापरता येतील असे, गळ्याला बंद पट्टा. मफलरपेक्षा पट्टा बरा, तो सुटत नाही. हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत ओठ आणि बोटांची पेरं फुटतात, व्हॅसलीन खिशातच ठेवा. थंडीत फोनची बॅटरी अचानक बसते. फोन जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि पॉवर बँक दोघांत एक तरी न्या. प्लगचा आकार वेगळा असतो, अडॅप्टर लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे.

सामानाबद्दल एक गोष्ट जरूर करा: दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा. एक बॅग विमानात मागे राहिली तर दोघांकडेही एकेक गरम जोड राहतो. जाकीट आणि बूट अंगावरच घालून निघा. बॅग १५ किलोच्या वर नेऊ नका, कारण दगडी फरसबंदीवर चाकं चालत नाहीत आणि जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही.

व्हिएन्ना

विमानतळावरून शहरात यायला तीन रेल्वे आहेत. हिरव्या रंगाची ‘सिटी एअरपोर्ट ट्रेन’ १६ मिनिटांत नेते, तिची जाहिरात सगळीकडे दिसते आणि ती सर्वात महाग आहे. रेलजेट १५ मिनिटांत मुख्य स्टेशनला पोचवते, एस-सात लोकल २५ मिनिटांत वीन मिट्टेला, आणि दोन्हींचं तिकीट हिरव्या गाडीच्या तुलनेत फारच कमी. शहरात फिरायला वीनर लिनिनच्या, म्हणजे तिथली मेट्रो-ट्राम-बस चालवणाऱ्या कंपनीच्या ॲपवर दिवसांच्या हिशोबाचा पास घ्या. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारायचा असतो. फाटक नसतं, कुणी अडवत नाही, त्यामुळे नवखे विसरतात. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘तिकीट विकत घेतलंय, शिक्का राहिला’ हे चालत नाही.

शोनब्रुन राजवाडा सकाळी उघडताच गाठा. वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या. १,४४१ खोल्यांपैकी चाळीस पाहायला मिळतात आणि त्यांना तासभर लागतो. मग बाहेर येऊन मागच्या टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या मंडपापर्यंत चढा, बाग मोफत असते. दुपारपर्यंत राजवाड्यासमोरचा बाजार जागा झालेला असतो.

दुपारचं छप्पर म्हणून कला-इतिहास संग्रहालय किंवा वरचा बेल्व्हेडेअर. क्लिम्टचं ‘चुंबन’ बेल्व्हेडेअरला आहे, तिथेही वेळेचं तिकीट लागतं. कला-इतिहास संग्रहालय हिवाळ्यात सहसा सोमवारी बंद असतं, म्हणून आधी पाहून घ्या. संग्रहालयात शिरताना जाकीट आणि बॅग ‘गार्डरोब’ला द्यावी लागते. ते देताना पासपोर्ट-पैसे अंगावरच्या खिशात काढून घ्या. आत २२ अंशांची ऊब असते, जाकीट घालून फिरलात तर घामाने भिजाल.

चार वाजता अंधार पडला की थेट बाजारात धावू नका, तासभर कॉफीहाउसमध्ये बसा. व्हिएन्नाचं कॉफीहाउस हे बसायचंच ठिकाण आहे. एका ‘मेलाँज’वर, म्हणजे तिथल्या दुधाच्या कॉफीवर, दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, सोबत पाण्याचा छोटा पेला येतो. मध्यवर्ती, जास्त प्रसिद्ध कॉफीहाउसांबाहेर थंडीत रांग असते. एक गल्ली आत गेलात की तसंच, कमी गर्दीचं सापडतं. मग सहाला टाउन हॉलचा बाजार, तिथे झगमगाट पाहावा. वस्तू घ्यायच्या असतील तर कार्ल्सकिर्खे चर्चसमोरचा बाजार चांगला, तिथे कारागिरांचं काम असतं.

गरम पेयं मातीच्या कपात मिळतात आणि कपासाठी चार-पाच युरो अनामत घेतात. कप परत दिला की पैसे परत. ‘पुन्श’ आणि ‘ग्ल्यूवाइन’मध्ये दारू असते. नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागा. आणि पाय बधिर होऊ लागले की उभं राहू नका: बाजारात चालताना थंडी कळत नाही, कप हातात घेऊन अर्धा तास उभं राहिलं की कळते.

व्हिएन्नात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. उघडी सापडतात ती मुख्य स्टेशन, वीन मिट्टे, प्राटरश्टर्न अशा मोठ्या स्टेशनांत.

ब्रातिस्लाव्हा, एका दिवसापुरतं

ये-जा तिकीट मुख्य स्टेशनच्या यंत्रावर त्याच दिवशी मिळतं. इथे घोटाळा एकच: ब्रातिस्लाव्हाची दोन स्टेशनं आहेत, उत्तरेला ‘ह्लाव्हना स्तानित्सा’ आणि डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला ‘पेत्रझाल्का’. जाताना कुठे उतरलात आणि परतीची गाडी कुठून आहे ते पाहून ठेवा. पासपोर्ट खोलीत ठेवून जाऊ नका. शेंगेन असलं तरी सीमेवर पोलीस डब्यात चढतात, आणि फोनमधला फोटो पुरावा म्हणून धरत नाहीत.

सकाळी किल्ला, मग उतरून सेंट मार्टिन कॅथेड्रल. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथे झाले, हे बुडापेस्टला जायच्या आधी पाहिलेलं उपयोगी पडतं. किल्ल्याच्या टेकडीवर वारा फार लागतो, तिथे रेंगाळू नका. पुलाच्या खांबावरची ९५ मीटर उंचीची तबकडीसारखी गच्ची सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गाठा, दिवस आणि दिवे दोन्ही दिसतात. चलन युरोच.

बुडापेस्ट

सकाळची गाडी घ्या म्हणजे दुपारी बाराच्या आत पोचाल. गाडी आधी केलेनफोल्डला थांबते, मग केलेतीला. केलेती शेवटचं स्टेशन. केलेनफोल्डलाच बरीच माणसं उतरतात म्हणून गडबडून उतरू नका. उतरलात तरी घाबरायचं कारण नाही, एम-चार मेट्रो दोन्ही स्टेशनांना जोडते. पिवळ्या छोट्या डब्यांची एम-एक मेट्रो १८९६ ची, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली. रस्त्याखाली इतकी उथळ आहे की दोन जिने उतरलं की फलाट.

संसदभवनाची तिकिटं ऑनलाइन आणि बरीच आधी काढा, इंग्रजी मार्गदर्शनाच्या वेळा डिसेंबरात भरतात. इमारत बाहेरून पाहायची तर नदीपलीकडून, बुडा बाजूच्या बाच्यानी चौकातून, साडेचार-पाचला. दोन नंबरची ट्राम पेस्टच्या काठाने संसदेजवळून जाते. थंडीत दमलात की ती पकडून खिडकीशी बसा, साध्या तिकिटात नदीकाठचे सगळे दिवे दिसतात.

सेचेन्यी स्नानगृहाला अर्धा दिवस द्या. १९१३ चं हे पिवळं भवन, मधोमध उघड्यावर गरम झऱ्याचं पाणी, वर उणे तापमान आणि वाफेत समोरचा माणूस दिसत नाही. यासाठी हिवाळ्यातच जावं. शक्य तितक्या सकाळी जा, दहानंतर सहलींचे गट येतात. तिकीट दोन प्रकारचं: लॉकर आणि केबिन. लॉकरमध्ये कपडे बदलायची सामायिक खोली, स्त्री-पुरुषांची वेगळी. केबिन थोडी महाग, पण दार लावून एकेकाने बदलता येतं आणि सामान एकत्र राहतं. भाऊ-बहिणीने दोघांत एक केबिन घेणं सोयीचं. मनगटावर पट्टा मिळतो, कुलूप त्यानेच उघडतं.

घरून न्यायचं: पोहण्याचे कपडे, रबरी चपला, मोठा टॉवेल. टॉवेल तिकिटात येत नाही, भाड्याने घेतला तर महाग पडतो. अवघड टप्पा आतल्या दारापासून बाहेरच्या कुंडापर्यंतच्या वीस-तीस पावलांचा. चपला घालून, टॉवेल गुंडाळून जा, काठावरच्या खुंटीला टॉवेल अडकवा आणि पायऱ्यांनी उतरा. फरशी ओली आणि गार असते, पळू नका. डोकं भिजवू नका. ओल्या केसांना वारा लागला की पुढचे दोन दिवस डोकं धरून बसावं लागतं. पाणी साधारण ३८ अंशांचं, एका वेळी वीस मिनिटं पुरे. बाहेर येऊन पाणी प्या, मग पुन्हा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. मधल्या पोहण्याच्या तलावात टोपीशिवाय उतरू देत नाहीत. निघताना केस पूर्ण वाळवूनच बाहेर पडा, भिंतीवर ड्रायर असतात.

खाणं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. व्हिएन्नातलं साधं दिसणारं सूप बहुधा गोमांसाच्या अर्काचं असतं, गुलाश तर गोमांसाचंच. बटाट्याच्या गोळ्यांत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, पण अर्क आणि चरबी वेगळी विचारावी लागते. केजश्पेत्स्ले हा चीजमधला नूडल्ससारखा पदार्थ आणि कार्टोफेलपुफर, म्हणजे बटाट्याचे थालीपिठासारखे वडे, पोटभरीचे आहेत, मात्र दोन्हींत अंडं असतं. बुडापेस्टला लांगोश खा: तळलेली जाड पुरी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज. कुठे कुठे ती चरबीत तळतात, म्हणून विचारून घ्या. अंडं न खाणाऱ्यांनी बाजारातली गोड रोटीही विचारूनच घ्यावी.

घरचं नेताना नियम पक्का लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, चक्का आणि साजूक तुपातले लाडू घरीच. ताजी फळं-भाज्या-पानंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे कढीपत्त्याची जुडी आणि लिंबं काढून ठेवा. केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियन एवढ्या पाच फळांना सूट आहे. तेलातला चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, तांदूळ चालतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर मेतकूट-भात रोज जमतो. फोडणी मात्र मंद आचेवर आणि पंखा लावून करा, धुराचे गजर फार संवेदनशील असतात.

पैसे, आणि दोघांमधला हिशोब

युरोचं फॉरेक्स कार्ड आणि वर प्रत्येकी १५० युरो रोख पुरतात. स्वच्छतागृहाला ५० सेंट ते एक युरोची नाणी लागतात, सुट्टी सांभाळून ठेवा. हंगेरीचं चलन फोरिंट आहे. विमानतळावर बदलू नका, बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. यंत्राने ‘युरोत की फोरिंटमध्ये’ किंवा ‘रुपयांत की फोरिंटमध्ये’ असं विचारलं तर कायम फोरिंट निवडा. दुसरा पर्याय निवडला की दर ते यंत्र ठरवतं आणि प्रत्येक व्यवहारात चांगलीच खोट बसते.

दोघांनी निघतानाच सारखी रक्कम एका सामायिक पाकिटात टाकावी. प्रवास, किराणा, तिकिटं त्यातून जातील. खरेदी आणि ‘मला हे खायचंय’ आपापल्या खिशातून. पाकीट रिकामं झालं की दोघांनी पुन्हा टाकायचं. कार्डावर केलेला मोठा खर्च त्याच रात्री हिशोबाच्या ॲपमध्ये लिहा. घरी आल्यावर ‘ते तू दिलेस की मी’ यावर बोलणी होतात ती त्या रात्री लिहिलं नाही म्हणूनच.

निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या तीनच हव्याच गोष्टी लिहाव्यात. सहाही गोष्टी तक्त्यात घाला आणि बाकी सगळं सोडायची तयारी ठेवा. दादाला संग्रहालय आणि धाकटीला बाजार असं असेल तर अर्धा दिवस वेगळे व्हा. भेटायची जागा नेहमी छपराखालची ठरवा: स्टेशनातला हॉल, दुकानाचा तळमजला. चौकात ठरवलीत तर उशीर करणाऱ्यापेक्षा वेळेवर येणारा गारठतो. भावंडांत दहा-बारा वर्षांचं अंतर असेल तर दिवसाचा वेग मोठ्याच्या गुडघ्यांवर ठेवा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, प्रती एकमेकांकडे. आपली वेळ तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, तेव्हा आईबाबांना फोन तिथल्या दुपारी चारच्या आत करा.

परतीचा दिवस

देआक चौकातून १००-ई बस थेट विमानतळाला जाते. तिचं तिकीट वेगळं असतं, शहराचं साधं किंवा दिवसाचं तिकीट चालत नाही. मोठी खरेदी केली असेल तर करपरतीचे कागद बॅग चेक-इन करण्याआधी सीमाशुल्काला दाखवा, वस्तू पाहायला मागू शकतात. मध, जॅम, पॅप्रिकाची ओली पेस्ट हे सगळं द्रवात मोडतं, ते मोठ्या बॅगेत टाका. पॅप्रिकाची पूड हातातल्या बॅगेत चालते. सीमेवर ठसे पुन्हा घेतले जातात, म्हणून विमानाच्या तीन तास आधी पोचा.